वायफाय बंद केल्याने लॅपटॉपची बॅटरी नेमकी किती वाचते?

उन्हाळ्यात नागपुरात भरदुपारी ‘लाइन’ जाते तेव्हा सर्वांत आधी जाणवते ते कूलरचे थांबणे. त्याच क्षणी घरातली आणखी एक वस्तू बंद पडते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे वायफायचा राउटर. लॅपटॉप मात्र स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो आणि ज्याचे काम अर्ध्यावर आहे तो माणूस पडद्याच्या कोपऱ्यातल्या टक्क्यांकडे पाहू लागतो. माझी भाची नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिथे एका लांब टेबलावर आठ-दहा लॅपटॉप असतात आणि प्लग पॉइंट दोनच, त्यामुळे बॅटरी पुरवून वापरणे ही तिची रोजची गरज आहे. ‘मामा, वायफाय बंद ठेवलं तर बॅटरी जास्त वेळ पुरेल का?’ असे तिने विचारले तेव्हा मी ‘हो, थोडी’ एवढेच म्हणालो. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ही ‘थोडी’ कधी दहा-बारा मिनिटांची असते, कधी तासाभराची असते, आणि कधी तर वायफाय बंद करून त्याच्या जागी आपण जे सुरू करतो त्यामुळे उलट तोटाच होतो. असे का होते हे समजण्यासाठी वायफायचे यंत्र दिवसभर काय करत असते ते पाहावे लागेल.

आधी हिशेब मांडू. लॅपटॉपच्या बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॅट-तासांत मोजतात. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. सर्वसाधारण लॅपटॉपच्या बॅटरीत ४० ते ६० वॅट-तास मावतात, म्हणजे एका युनिटाचा जेमतेम विसावा भाग. समजा, आपली बॅटरी ५० वॅट-तासांची आहे आणि पीडीएफ वाचत असताना संपूर्ण लॅपटॉप मिळून सरासरी ७ वॅट घेतो. ५० ला ७ ने भागले की सुमारे ७ तास ८ मिनिटे मिळतात. अलीकडच्या लॅपटॉपमधले वायफायचे यंत्र चांगल्या सिग्नलच्या राउटरशी जोडलेले असेल आणि त्यावरून काही जात-येत नसेल, तर ते वॅटच्या एक ते तीन दशांश भागावर भागवते. मधला आकडा म्हणून ०.२ वॅट धरला आणि तेवढे वाचवले, तर लॅपटॉपला ६.८ वॅट लागतील आणि बॅटरी ७ तास २१ मिनिटे चालेल. म्हणजे पूर्ण बॅटरीमागे बारा-तेरा मिनिटे, शंभरात तीन टक्के. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता घटली असली तरी हे तीन टक्के तीनच राहतात, मिनिटे तेवढी कमी होतात.

एवढ्याशा बचतीसाठी हा सल्ला इतकी वर्षे का दिला जातो, असे वाटणे स्वाभाविक आहे. याचे कारण असे की हा सल्ला ज्या काळात रूढ झाला त्या काळात तो अगदी रास्त होता. वायफायचे पहिले मानक १९९७ साली आले. १९९९ मध्ये ॲपलने आयबुक या आपल्या लॅपटॉपमध्ये वायफायची सोय दिली आणि मार्च २००३ मध्ये इंटेलने प्रोसेसर आणि वायफाय एकत्र देणारा सेंट्रिनो हा संच बाजारात आणल्यानंतर बिनतारी जोडणी ही लॅपटॉपमधली गृहीत धरलेली गोष्ट झाली. त्या काळातली वायफायची कार्डे वॅटभर वीज खात असत आणि त्यातली मेख अशी होती की माहिती येत असो वा नसो, त्यांचा खर्च जवळजवळ तेवढाच राहत असे. वायफायचे यंत्र हा मुळात एक छोटा रेडिओच. त्याचा लहरी पकडणारा भाग म्हणजे क्षीण लहरी मोठ्या करणारे वर्धक, ठरावीक वारंवारितेचा ताल धरणारे मंडल (सर्किट) आणि आलेल्या लहरींतून शून्य-एक ओळखणारी चिप. हे सगळे सतत जागे ठेवावे लागते, कारण संदेश नेमका कधी येईल हे आधी ठाऊक नसते. नुसते कान देऊन बसण्याचा खर्च आणि प्रत्यक्ष ऐकण्याचा खर्च यांत फारसा फरक नव्हता, म्हणून यंत्र पूर्ण बंद करणे हाच खात्रीचा उपाय होता. त्या काळच्या अनेक लॅपटॉपच्या कडेला वायफायसाठी एक सरकते बटण आणि शेजारी छोटा दिवा असे, तो याच गरजेतून.

त्यानंतर जे बदलले ते समजायला मला दवंडीची कल्पना फार उपयोगी पडली. राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा, एक छोटा संदेश हवेत सोडतो. बहुतेक राउटरमध्ये हाच अवधी आधीपासून ठरवलेला असतो. या संदेशाला बीकन म्हणतात, पण त्याचे काम हुबेहूब दवंडीचे आहे. त्यात नेटवर्कचे नाव असते, आणि ‘अमक्या-अमक्या क्रमांकाच्या उपकरणांसाठी निरोप येऊन पडला आहे’ अशी एक यादी असते. राउटरशी जोडले जाताना प्रत्येक लॅपटॉपला आणि फोनला असा एक क्रमांक मिळालेला असतो. लॅपटॉपला काम नसले की तो राउटरला कळवतो की मी आता झोपत आहे. राउटर त्याच्यासाठी आलेली माहिती स्वतःजवळ सांभाळून ठेवतो. पुढची दवंडी केव्हा होणार हे लॅपटॉपला मिलिसेकंदापर्यंत ठाऊक असते, त्यामुळे त्याचा रेडिओ दवंडीपुरता जागा होतो, यादीत आपला क्रमांक आहे का ते पाहतो, नसेल तर पुन्हा झोपतो. दोन-तीन मिलिसेकंद जागरण आणि जवळजवळ शंभर मिलिसेकंद झोप, असे हे चक्र दिवसभर चालते. ०.२ वॅटचा आकडा शक्य होतो तो यामुळे. ही सोय मानकात पहिल्यापासून होती. ती नीट राबवणाऱ्या चिप, त्या चिप चालवणारे ‘ड्रायव्हर’ प्रोग्राम आणि राउटर सर्वत्र पोहोचायला मात्र वेळ गेला.

झोपेत व्यत्यय आणणारी एक गोष्ट गर्दीच्या जागी दिसते. काही संदेश एकट्यादुकट्यासाठी नसून सर्वांसाठी असतात, जसे ‘या पत्त्याचे उपकरण कोणते?’ किंवा ‘इथे प्रिंटर आहे का?’ असे जाळ्यातल्या उपकरणांनी विचारलेले प्रश्न. राउटर हे सार्वजनिक संदेश ठरावीक दवंडीनंतर एकदम सोडतो आणि ते ऐकण्यासाठी प्रत्येकाला जागे राहावे लागते. घरी चार उपकरणे असतील तर हे जाणवत नाही. अभ्यासिका, वसतिगृह किंवा लग्नाच्या सभागृहात चाळीस-पन्नास फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर असतील, तर दुसऱ्यांच्या गलबल्यासाठी आपल्या रेडिओची झोप मोडत राहते. भाचीच्या अभ्यासिकेत वायफाय बंद ठेवण्याचा फायदा तिच्या घरच्यापेक्षा थोडा जास्त असणार, तो याच कारणाने.

आता माहिती प्रत्यक्ष जाऊ-येऊ लागते तेव्हाचे पाहू. प्रसारण करताना लॅपटॉपच्या अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती साधारणपणे वॅटच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते, परंतु तेवढी बाहेर टाकण्यासाठी आतले वर्धक, प्रक्रिया करणारी चिप आणि इतर मंडले मिळून एक-दोन वॅट घेतात, कारण वर्धकात शिरलेल्या विजेचा बराचसा भाग उष्णतेत जातो. शिवाय एखादी माहिती आली की रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो थोडा वेळ जागा राहतो. त्यामुळे थोडी थोडी माहिती वारंवार आणणे हे एकदम सगळी आणण्यापेक्षा महाग पडते. एकेका वहीसाठी स्वतंत्रपणे बर्डीच्या बाजारात चक्कर मारली तर वह्यांपेक्षा पेट्रोलच जास्त लागते, तसे हे आहे. तासाभराचे व्याख्यान बघायचे असेल तर ते आधी उतरवून घेऊन वायफाय बंद करून पाहणे बॅटरीच्या दृष्टीने उत्तम, कारण रेडिओचे सगळे काम सुरुवातीच्या काही क्षणांत उरकते.

सिग्नल कमकुवत असला की हाच हिशेब बिघडतो, आणि वायफायबाबतच्या गैरसमजांपैकी सर्वांत नुकसानकारक गैरसमज मला इथेच दिसतो. ‘एकच दांडी आहे पण चालते आहे ना’ असे आपण म्हणतो. लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला वेग सिग्नलच्या ताकदीनुसार ठरत असतो. सिग्नल जितका क्षीण तितके दोघे हळू आणि पुन्हा पुन्हा बोलतात, जेणेकरून चुका कमी व्हाव्यात. १०० मेगाबाइटची फाइल म्हणजे ८०० मेगाबिट. प्रत्यक्ष वेग सेकंदाला २०० मेगाबिट असेल तर ती चार सेकंदांत येते. वेग ५ मेगाबिटवर घसरला तर त्याच फाइलला २ मिनिटे ४० सेकंद लागतात. तेवढा सगळा वेळ रेडिओ जागा, प्रोसेसर जागा, आणि आपण वाट पाहत असल्याने पडदाही उजळलेला. नागपूरच्या महाल आणि इतवारी भागांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर, मध्ये येणारी पाण्याची टाकी, या सगळ्यांतून लहरी दुबळ्या होऊनच पोहोचतात. धातू त्यांना परतवतो आणि पाणी शोषून घेते. राउटर पुढच्या खोलीत आणि अभ्यासाचे टेबल मागच्या खोलीत अशी रचना असेल, तर वायफाय बंद करायचे की नाही या विचाराआधी जागा बदलून पाहावी. राउटरच्या जवळ बसून काम उरकणे आणि मग वायफाय बंद करणे, हा दोन्हीकडून फायद्याचा मार्ग आहे.

सर्वांत वाईट अवस्था मात्र कमकुवत सिग्नलची नसून सिग्नल मुळीच नसण्याची आहे. लाइन गेली, राउटर बंद पडला, लॅपटॉप चालू आहे, आणि वायफायचे बटण सुरूच आहे. आता दवंडी पिटणारा कोणी नाही, त्यामुळे कोणत्या क्षणी जागे व्हायचे हेही रेडिओला ठाऊक नाही. तो शोध सुरू करतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल आहेत, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याहून अधिक. प्रत्येक चॅनेलवर काही काळ थांबून ऐकायचे, काही चॅनेलवर ‘माझे ओळखीचे नेटवर्क इथे आहे का?’ अशी हाक मारायची, उत्तर न आल्यास पुढे जायचे, आणि सगळे संपले की काही वेळाने पुन्हा पहिल्यापासून. या फेरीत रेडिओ पूर्ण जागा असतो. जोडलेल्या अवस्थेत शंभरातले दोन-तीन क्षण जागणारा रेडिओ इथे कितीतरी जास्त जागतो. अनेक ऑपरेटिंग सिस्टिम दोन फेऱ्यांमधले अंतर हळूहळू वाढवतात, तरी शोध थांबत नाही. ज्यांनी घरचे नेटवर्क ‘लपवलेले’ ठेवले आहे त्यांच्या लॅपटॉपला तर नाव घेऊन हाका माराव्याच लागतात, कारण लपवलेल्या नेटवर्कच्या दवंडीत नावच नसते. म्हणून लाइन गेल्यावर, किंवा नागपूरच्या अजनी स्टेशनहून सुटलेली गाडी बुटीबोरी ओलांडून सिंदीकडे निघाल्यावर, जिथे आपले कोणतेच नेटवर्क सापडणार नाही हे आपल्याला पक्के माहीत आहे, तिथे वायफाय बंद करणे पूर्णपणे योग्य आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते लॅपटॉपला ठाऊक नसते, ते त्याला सांगण्याचे हे एक साधन आहे.

इथवर फक्त रेडिओचा विचार झाला. माझ्या मते खरा खर्च त्याच्या पलीकडे आहे. वायफाय सुरू असते तेव्हा लॅपटॉपमधले अनेक प्रोग्राम न सांगता कामाला लागतात. मेल तपासणारा प्रोग्राम, फोटो आणि फाइली दूरच्या सर्व्हरशी जुळवणारी सेवा, सिस्टिमचे अपडेट, ब्राउझरमध्ये उघड्या राहिलेल्या वीस-पंचवीस टॅब, त्यांतल्या दर काही सेकंदांनी बदलणाऱ्या जाहिराती, फोनवरचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारे पान. आधुनिक प्रोसेसर काम नसताना गाढ झोपेत जातो आणि तेव्हा त्याला वॅटपेक्षाही कमी वीज लागते; जागा होऊन जोरात काम करू लागला की हाच आकडा दहा वॅटच्या पलीकडे जाऊ शकतो. बाहेरून आलेला प्रत्येक संदेश त्याला उठवतो, तो संदेश उलगडतो, डिस्कवर लिहितो, पडद्यावर काहीतरी बदलतो. असे दिवसभर होत राहिले आणि रेडिओ धरून सरासरी एक वॅट जास्त खर्च झाला, असे समजा. मग वायफाय बंद केल्यावर आपला ७ वॅटचा लॅपटॉप ६ वॅटवर येईल आणि ५० वॅट-तासांत ८ तास २० मिनिटे चालेल. म्हणजे बारा मिनिटांच्या जागी सव्वा तासाच्या जवळपास फायदा. भाचीला मी दिलेल्या उत्तरातली ‘थोडी’ इथे मोठी होते, आणि तिच्यातला बहुतेक हिस्सा रेडिओने जागवलेल्या कामाचा असतो.

यातून एक मधला मार्ग निघतो आणि तो मला स्वतःला फार पटलेला आहे. ज्यांना अधूनमधून इंटरनेट लागतेच त्यांनी वायफाय सुरू ठेवून त्यामागची कामे थांबवावीत. विंडोजमध्ये एखाद्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ ठरवता येते. मग सिस्टिम असे समजते की इथे माहिती मोजून मिळते, आणि मोठी अपडेट व पडद्यामागची बरीच देवाणघेवाण पुढे ढकलते. मॅकमध्ये ‘लो डेटा मोड’ आहे. फाइली जुळवणाऱ्या सेवेला काही तास थांबण्याची आज्ञा देता येते. नको असलेल्या टॅब मिटवणे हा तर सर्वांत साधा उपाय. एवढे केले की वायफाय बंद करून मिळणाऱ्या फायद्याचा मोठा हिस्सा पदरात पडतो आणि गरज पडेल तेव्हा शब्दाचा अर्थ किंवा शासन निर्णय शोधायची सोयही राहते.

वायफाय बंद करून त्याच्या जागी काय वापरले जाते, याकडे आता वळू, कारण तोटा इथेच होतो. लाइन गेल्यावर बरेच जण फोनची केबल लॅपटॉपला जोडतात आणि तिच्यातून इंटरनेट घेतात. वायफाय बंद असल्याने बॅटरी वाचेल, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या केबलमधून फोन चार्ज होऊ लागतो. जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे २.५ वॅट जाऊ शकतात. निळ्या रंगाच्या नव्या पोर्टमधून ४.५ वॅट, आणि टाइप-सी पोर्टमधून त्याहूनही जास्त. ०.२ वॅट वाचवण्यासाठी २.५ वॅट द्यायचे, म्हणजे वाचवल्याच्या बारापट घालवायचे. वरच्या उदाहरणात ६.८ अधिक २.५ म्हणजे ९.३ वॅट, आणि बॅटरी चालणार सुमारे ५ तास २२ मिनिटे. फोन पूर्ण भरेपर्यंतच ही गळती असते हे खरे, परंतु ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात आणि चार्जिंगमधली घट त्याच्या वर. लॅपटॉपच्या ५० वॅट-तासांतला एवढा मोठा वाटा फोनला देणे परवडणारे नाही. त्यापेक्षा फोनला पॉवर बँक लावून तो लॅपटॉपच्या शेजारी ठेवावा आणि त्याचा हॉटस्पॉट वायफायवरून घ्यावा. अंतर हातभर असल्याने सिग्नल उत्तम राहतो. यूएसबीला लावायचे इंटरनेटचे डोंगल पूर्णपणे लॅपटॉपच्याच विजेवर चालते, म्हणून तोही काटकसरीचा पर्याय नव्हे. ज्यांच्या भागात लाइन वारंवार जाते त्यांनी राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला तर लॅपटॉपचा शोध आणि फोनचा हॉटस्पॉट दोन्ही टळतात.

लॅनच्या, म्हणजे राउटरपासून थेट लॅपटॉपला जोडायच्या केबलबद्दल थोडक्यात एवढेच की, वायफाय बंद करून केबल जोडली म्हणजे वीज वाचली असे होत नाही. जलद वेगाची लॅन जोडणी स्वतःही वॅटच्या काही दशांश इतकी वीज घेते. ब्लूटूथचे उलट आहे. २०१० साली आलेल्या ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत अत्यंत कमी विजेवर चालणारी पद्धत दाखल झाली आणि आजचे बहुतेक ब्लूटूथ माउस तीच वापरतात. तेव्हा माउस जोडलेला असताना केवळ बॅटरीच्या काळजीने ब्लूटूथ बंद करण्याची गरज नाही. काहीच जोडलेले नसेल तर बंद ठेवावे, बचत नगण्य असेल.

बंद करण्याची रीतही नीट समजून घेतली पाहिजे. ‘डिस्कनेक्ट’ आणि ‘बंद’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटवर्कच्या नावावर जाऊन ‘डिस्कनेक्ट’ केले तर जोडणी तुटते, पण रेडिओ जागाच राहतो आणि आजूबाजूची नेटवर्के शोधत राहतो, म्हणजे स्वस्त अवस्थेतून महाग अवस्थेत गेल्यासारखे होते. बचत हवी असेल तर वायफायचे बटणच बंद करावे, किंवा विमानाचे चिन्ह असलेला एअरप्लेन मोड लावावा. त्याने ब्लूटूथही बंद होऊ शकते, पण ते वेगळे पुन्हा सुरू करता येते. वायफाय सुरू असताना लॅपटॉपचे स्थान ओळखणारी सेवाही आसपासची नेटवर्के तपासून आपले काम करते. नकाशाची गरज नसेल तर ती बंद ठेवणे बरे. काही लॅपटॉपमध्ये वायफायची वीजबचत कमी-जास्त करण्याची सोय असते. ती कमाल पातळीवर ठेवली तर क्वचित व्हिडिओ कॉलमध्ये आवाज अडखळतो, कारण रेडिओ झोपेतून उठेपर्यंत माहिती राउटरकडे थांबून राहते. ऑनलाइन मुलाखत असेल त्या दिवशी ही पातळी उतरवून ठेवावी.

हे सगळे स्वतः पडताळून पाहता येते, फक्त धीर हवा. ५० वॅट-तासांच्या बॅटरीचा एक टक्का म्हणजे अर्धा वॅट-तास. रेडिओचा ०.२ वॅटचा फरक एक टक्का होऊन दिसायला अडीच तास लागतात. म्हणून दहा मिनिटे वायफाय बंद करून आकड्याकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. भाचीने दोन दिवस सलग तीन-तीन तास एकच पुस्तक, एकाच ब्राइटनेसवर, एकाच टेबलावर वाचले, एक दिवस वायफाय सुरू आणि एक दिवस बंद, आणि दोन्ही वेळचे टक्के वहीत लिहिले. पहिल्या वेळी तिला मोठा फरक दिसला, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा मोजल्यावर तो फारच थोडा उरला. त्यानंतर एके दिवशी ती खिडकीजवळ बसली, उजेडामुळे ब्राइटनेस वाढवावा लागला, आणि त्या एका बदलाने वायफायची सगळी बचत पुसून टाकली. लॅपटॉपचा पडदा एकटाच कित्येकदा दोन ते पाच वॅट घेतो, हे तिला त्या दिवशी आकड्यांत दिसले.

राहिला झाकण मिटवलेल्या लॅपटॉपचा विषय. आपण समजतो की झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप झोपला. विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये झोपेची पद्धत फोनसारखी आहे. पडदा बंद असतो, परंतु वायफाय जोडलेले राहू शकते आणि मेल किंवा अपडेटसाठी यंत्र मधूनमधून जागे होते. सेवाग्रामला जाताना मी एकदा असाच झाकण मिटवलेला लॅपटॉप पाठपिशवीत ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा तो गरम होता आणि बॅटरी बरीच उतरली होती. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर असताना बंद पिशवीत तापणारा लॅपटॉप ही बॅटरीच्या आयुष्यासाठीही वाईट गोष्ट आहे, कारण लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर जुनी होते. बॅटरीवर असताना झोपेत नेटवर्क तोडून टाकण्याची सोय अशा अनेक लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये असते, मॅकमध्ये ‘वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस’ या नावाखाली तिचा शोध घ्यावा. ती सापडली नाही तर झाकण मिटण्याआधी एअरप्लेन मोड लावावा. आणि ज्याला लॅपटॉप थेट दुसऱ्या दिवशीच उघडायचा आहे त्याने स्लीपऐवजी हायबरनेट निवडावे. त्यात उघडी कामे डिस्कवर लिहून ठेवली जातात आणि यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते, त्यामुळे वायफाय सुरू राहिले होते की नव्हते याने काही फरक पडत नाही.